बुडबुडे, वड्या आणि नानांचं नाक

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर आहे. रबरबँड, जुन्या किल्ल्या, संपत आलेले सेल असलं सगळं त्यात जातं. बाटली उघडली की तिचं बूचही 'असू दे' म्हणून त्यातच जायचं. एक दिवस ड्रॉवर लागेना. आमच्या रविवारच्या मंडळींच्या गोष्टींचंही तसंच झालंय. कोणी ऐकणारं भेटलं की एखादी सांगायची, असं करता करता इतक्या साठल्या, की आता लिहून काढाव्यात असं वाटलं.

मंडळी म्हणजे फार नाहीत. मी आणि माझा नवरा श्रीकांत. खालच्या मजल्यावरचे नाना आणि मंगलताई. आणि मार्केट यार्डातले सोपानराव. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही विश्रांतवाडीच्या आमच्या गच्चीवर बसायचो. मधे एक बाटली आणि ताटभर तळलेलं काहीतरी. बाटली एकाच प्रकारची, बुडबुड्यांच्या कोरड्या वाइनची. शॅम्पेनसारखीच केलेली, पण आपल्याकडच्या द्राक्षांची. 'ब्रूट' लिहिलेलं असतं, म्हणजे साखर जवळजवळ नाहीच.

ह्याला पिणं म्हणावं का, हा प्रश्नच आहे. पाच जणांत एक बाटली, आणि त्यातल्या मंगलताई थेंबभरही न घेणाऱ्या. एकदा श्रीकांतच्या ऑफिसातला एक जण आला होता. आमची मापं बघून तो जाताना म्हणाला, "आमच्याकडे एवढं तर ग्लासाला चिकटून राहतं."

•

सुरुवात सोपानरावांपासून झाली.

श्रीकांत विमा कंपनीत होता. गारपीट झाली की द्राक्षबागांचं नुकसान बघायला त्याला जावं लागे. सोपानरावांचा मार्केट यार्डात गाळा आणि जुन्नरकडे बाग. तिथे श्रीकांत पाहणीला गेला, तेव्हा ते त्याच्याबरोबर ओळी-ओळीतून फिरले आणि म्हणाले, "सायेब, गेलं ते लिवा. पन ऱ्हायलंय तेबी लिवा. न्हायतर द्राक्षांना वाईट वाटंल."

इतक्या वर्षांत 'राहिलेलंही लिहा' असं सांगणारा माणूस श्रीकांतला पहिल्यांदाच भेटला होता. घरी येऊन त्याने ते मला दोनदा सांगितलं.

सोपानरावांची थोडी द्राक्षं एका वायनरीला जात. तिथून त्यांना एक बाटली मिळाली होती. तिचं करायचं काय, हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ती श्रीकांतपुढे धरली. श्रीकांत म्हणाला, "तुमचा क्लेम माझ्या टेबलावर आहे तोवर मी तुमचा चहाही घेणार नाही."

क्लेम मंजूर झाल्यावर सोपानराव बाटली घेऊन आमच्या दारात उभे.

"आता तर लाच न्हाई ना?"

"नाही. आता पाहुणचार."

"मंग मीबी बसतो," म्हणत त्यांनी चपला काढल्या.

•

त्या दिवशी माझा वाढदिवस होता. घरात बेकरीतला केक होता, नाना-मंगलताई वर आले होते. केक खाऊन आम्ही बाटलीतलं प्यायलो आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. चिंचेचं पाणी त्यापेक्षा गोड लागलं असतं. सोपानराव ओशाळले. "खराब झाली वाटतं," म्हणाले.

नानांनी हात वर केला. गुलटेकडीला एक मसाल्याचा कारखाना आहे, तिथली सगळी मिश्रणं नाना ठरवत. कुठल्या वर्षीची मिरची, कुठल्या गावचे धने, किती भाजायचे, सगळं नाकावर. बोलण्यात मात्र ते पक्के पुणेरी. शब्द मोजके, आणि त्यातला एक तरी टोचणारा.

"ती चांगली आहे. आपण आधी केक खाल्ला. लग्नात नवरीला आधी तिच्या देखण्या बहिणीशेजारी बसवायचं आणि मग म्हणायचं, हिचा चेहरा पडलाय. तिचं काय चुकलं?"

त्यांनी मला विचारून डब्यातली लसणाची शेव काढली, सगळ्यांना चिमूट-चिमूट दिली. "आता घ्या."

घेतली, आणि काय झालं कळलं नाही. खारट, तेलकट शेव, त्यावर तो थंड, चुरचुरीत घोट, आणि तोंड असं स्वच्छ झालं की पुन्हा शेव खावीशी वाटली. मग पुन्हा घोट. डबा रिकामा झाला तेव्हा केक अजून अर्धा होता.

मंगलताई हे सगळं नुसतं बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हिच्याशी जमवायचं तर साखर सोडायची."

नाना म्हणाले, "आपले डॉक्टरही तेच सांगतात. पण त्यांच्याकडे बुडबुडे नाहीत."

•

नानांच्या नाकाबद्दल आधी सांगायला हवं.

लिफ्टमधून वर येता येता ते कोणाकडे काय शिजतंय ते सांगत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना एकदा त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं, "मोहरीला ऊन दाखवा." बाई चिडल्या. घरी जाऊन बघितलं तर बरणीत ओल आलेली. तेव्हापासून त्या मोहरी घेतली की आधी नानांकडे पाठवत.

वाइनचा ग्लास ते आधी नाकाशी नेत, मग डोळे मिटत. पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच ते म्हणाले, "ताजा पाव आहे. हिरवं सफरचंद आहे. आणि शेवटी कैरीच्या देठाचा चीक आहे थोडासा."

सोपानराव उठून उभे राहिले. "नाना, माज्या बांधाला आंबा हाय! तुमाला कसं कळलं?"

"तो योगायोग आहे, सोपानराव. बसा. बांधावर म्हैस असती तरी मी कैरीच म्हटलं असतं."

सोपानरावांनी हे मानलं नाही. आजही मार्केट यार्डात ते सांगतात, की पुण्यात एक माणूस आहे, पेल्यात नाक घालून तो बांधावरचं झाड सांगतो.

•

कशाबरोबर काय जातं, ह्याचे आम्ही पुष्कळ प्रयोग केले. काही फसले.

मिसळ सोपानरावांचा हट्ट होता. "पुन्यात ऱ्हायचं आन मिसळीला सोडायचं?" त्यांनी स्वतः बसून तर्रीदार मिसळ करवून घेतली. पहिला घास, डोळ्यांत पाणी, आणि आग विझवायला म्हणून मोठा घोट. पुढची काही मिनिटं ते नुसते गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. कोणाला हात लावू देईनात.

शेवटी आवाज फुटला. "वाटलं पानी वतलं. हिनं तर फुंकनी घातली."

श्रीखंड पहिल्याच केकच्या वाटेने गेलं. आमरसाला तर नानांनी ताटात येऊच दिलं नाही. "दोघंही चांगल्या घरचे आहेत. पण एका घरात नको."

जमलं ते सगळं साधंच निघालं. बटाट्याची भजी. कोथिंबीर वडी, पण बाहेरून कडक. सुरमईचा रवा लावलेला तुकडा, लिंबू न पिळता. खारे काजू. मुगाच्या डाळीची भजी, त्यात मिरची कमी. आणि सगळ्यांत वर, जे आम्हाला सुचणं शक्य नव्हतं, ते एका संकष्टीला कळलं.

•

त्या रविवारी संकष्टी होती. मंगलताईंचा उपास. त्या स्वतःपुरते साबुदाण्याचे वडे करून डब्यात घेऊन आल्या होत्या, कारण आमच्या ताटात बेसनाची भजी होती. नानांनी बोलता बोलता त्यांच्या डब्यातला एक वडा उचलला, खाल्ला, घोट घेतला आणि डब्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" श्रीकांतने विचारलं.

नानांनी डबा त्याच्यापुढे केला. मग सोपानरावांपुढे. मग माझ्यापुढे. दाण्याचं कूट, बटाटा, जिरं, कडक झालेले साबुदाण्याचे कण, आणि ती थंड कोरडी वाइन. ह्या वाइनला जगात कोणी कोणी काय काय जोडीला दिलं असेल ते मला माहीत नाही. पण साबुदाण्याच्या वड्यासाठीच ती जन्माला आली, असं त्या क्षणी आम्हा सगळ्यांना वाटलं.

डबा मंगलताईंकडे परत आला तेव्हा त्यात एक हिरवी मिरची उरली होती.

"उपास माझा," त्या म्हणाल्या, "आणि पुण्य ह्यांच्या ग्लासात."

त्यानंतर नाना बैठकीची तारीख ठरवताना आधी कालनिर्णय बघायला लागले. इतकी वर्षं बायकोच्या एकाही उपासाकडे लक्ष न दिलेला माणूस दर महिन्याला विचारू लागला, "अगं, संकष्टी कधी आहे?" मंगलताईंच्या माहेरी ह्याचं फार कौतुक झालं. जावई उतारवयात देवाकडे वळले म्हणून.

•

मंगलताईंची खरी कमाल अळूवडीची.

अळूवडीत चिंच-गूळ असतो, आणि गुळामुळे ती ह्या वाइनशी भांडायची. मंगलताईंच्या सासरची अळूवडी नात्यात प्रसिद्ध. पण त्यांनी दर खेपेला गूळ जरा जरा कमी करत नेला. स्वतः वाइन चाखायची नाही. आम्ही खाताना समोर बसायचं आणि आमचे चेहरे बघायचे. कोणी घोटानंतर जरा जरी डोळे बारीक केले, की पुढच्या वेळी गूळ अजून कमी. चिंचही मग त्या हिशेबाने. शेवटी अशी काही वडी जमली की सोपानराव म्हणाले, "ताई, ही वडी न्हाई, ही बाटलीची धाकटी भैन हाय."

पुढे घरी हळदीकुंकू होतं. सवयीने त्यांच्या हातून तीच वडी झाली. बुधवार पेठेतल्या त्यांच्या आत्तेसासूबाई आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, जीभ तिशीतली. त्यांनी तुकडा तोडला, चावला, आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "मंगल, गूळ संपला होता का गं?"

"नाही, आत्या."

"मग?"

"अलीकडे एक पाहुणी येते आमच्याकडे. तिला चालत नाही."

आत्यांनी मान हलवली. "डायबेटिस असेल. तिला म्हणावं चालत जा रोज."

•

बाटली उघडायचं काम श्रीकांतचं.

ह्या बाटलीचं बूच उडतं, फटाक्यासारखा आवाज होतो, फेस सांडतो, हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं असतं. श्रीकांतला ते आवडायचं नाही. तो बाटलीवर नॅपकिन टाकायचा, बूच घट्ट धरायचा आणि बूच न फिरवता बाटली हळूहळू फिरवायचा. शेवटी झोपेत कोणी कूस बदलताना सोडावा तसा एक बारीक सुस्कारा यायचा. बस. एक थेंब बाहेर नाही. "आवाज झाला म्हणजे बुडबुडे वाया गेले," तो म्हणायचा.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला आमच्या उत्साही सेक्रेटरींनी एक बाटली आणली. श्रीकांतला ह्यातलं कळतं म्हणून उघडायचा मान त्याला दिला. सगळे लांब सरकले. बायकांनी कानांवर हात ठेवले. दोघं-तिघं मोबाइल धरून उभे. श्रीकांतने नॅपकिन टाकला, बाटली फिरवली आणि नॅपकिन काढला.

बराच वेळ कोणी हललं नाही.

"काय झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"उघडली."

"कधी?"

"आत्ताच."

सेक्रेटरींनी बाटलीकडे बघितलं, मोबाइलवाल्यांकडे बघितलं. "बंद होते का परत? आमचं रेकॉर्डिंग झालं नाही."

•

मग ती साथ आली. श्रीकांत त्यात गेला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

नानाही त्याच सुमारास आजारी पडले होते. ते घरी परत आले, पण नाक परत आलं नाही. आज येईल, उद्या येईल करत वर्ष सरत आलं. आंबट कळायचं, खारट कळायचं, तिखट झोंबायचं. वास मात्र कशालाच नाही. बासरीच्या कार्यक्रमाला जावं आणि नुसती वाजवणाऱ्याची बोटं दिसावीत, तसं झालंय, असं ते एकदा म्हणाले. नानांच्या तोंडून अशी उपमा मी त्याआधी ऐकली नव्हती.

कारखान्यात त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन मालकांना सांगितलं, "माझ्यापुढे गरम मसाला ठेवा नाहीतर लाकडाचा भुसा, मला सारखंच." मालक सज्जन. म्हणाले, थांबू थोडं. नाना म्हणाले, "दिवाळीचा माल निघेपर्यंत थांबा. जुन्या मापांवर तेवढा निघेल. त्यानंतरही माझं नाक आलं नाही, तर माझ्या जागी दुसरा माणूस घ्या. नाही घेतलात तर लोक म्हणतील चव गेली, आणि ते खरं असेल."

हे मला मंगलताईंनी सांगितलं. आणखीही एक सांगितलं. रोज सकाळी दात घासून झाले की ते स्वयंपाकघरात जातात, हिंगाची डबी उघडतात, नाकाशी धरतात. मग झाकण लावून डबी जिथल्या तिथे ठेवतात. त्या पाठमोऱ्या राहून कणीक मळत असतात. दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत.

•

गच्चीवर वर्षभर कोणी बसलं नाही. एक दिवस मंगलताईंचा फोन आला.

"सुनंदा, रविवारी आम्ही वर येतोय. सोपानरावांनाही सांगितलंय. बाटली आण."

"मंगलताई, उघडणार कोण?"

"तू."

मी फ्रिजमध्ये बाटली ठेवली. नॅपकिन घेतला. किती वेळा जवळून बघितलं होतं, तरी हात बूच फिरवायला गेला की बाटली, ते काही आठवेना. मी काय केलं कोण जाणे. बंदूक सुटावी तसा आवाज झाला, बूच गच्चीच्या पत्र्याला लागून सोपानरावांच्या टोपीवर पडलं आणि माझ्या साडीवर फेस. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला.

माझ्याकडे बघायचं कोणी धाडस करेना.

नानांनी कानात बोट घालून हलवलं. "वहिनी, माझं नाक गेलंय. कान शाबूत होते."

मी हसले. खूप दिवसांनी हसले, आणि मग ग्लास भरले.

•

त्या दिवसापासून नाना कानाने वाइन पिऊ लागले.

चेष्टा म्हणून नाही. ते ग्लास कानाशी धरत. म्हणत, "आज बारीक बोलतेय. भजी नको, कोथिंबीर वडी आण." आणि खरंच, कोथिंबीर वडीबरोबर ती जास्त छान लागायची. कधी म्हणत, "आज आवाज मोठा आहे. भज्यांचाच दिवस." एखाद्या वडीचा कुरकुर आवाज ऐकून सांगत, "ही अजून अर्धं मिनिट हवी होती." मंगलताई म्हणत, "लग्नाला इतकी वर्षं झाली. कान आहेत हे आज कळलं."

सोपानरावांनी परीक्षा घेतली. स्टीलच्या पेल्यात थंडगार सोडा ओतला आणि नानांपुढे केला. नानांनी पेला कानाशी नेला, लगेच खाली ठेवला.

"हा सोडा आहे. सोडा मोठ्यानं बोलतो आणि लवकर दमतो. मी ओळखतो, कारखान्यात असे दोघं आहेत."

सोपानराव हात जोडून उभे राहिले. पण खाली जाताना ते जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, कानानं मसाला न्हाई व्हत."

त्यानंतर ते दर बैठकीला मार्केट यार्डातून काहीतरी वासाचं घेऊन यायचे. लसणाच्या माळा, ताजी हळद, सुंठ, एकदा तर सबंध पिशवीभर मेथी. नानांच्या समोर ठेवून वाट बघायचे. नाना हुंगायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "दिसायला चांगली आहे." उरलेलं सगळं माझ्याकडे राही. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला लिफ्टमध्ये म्हणाले, "वहिनी, लोणच्याचा कारखाना काढलात ते बरं केलंत. मन रमतं."

•

शेवटचा किस्सा दिवाळीच्या आधीच्या रविवारचा.

कारखान्याचा दिवाळीचा माल निघाला होता. नवीन माणसाशी बोलणं झालं होतं, दिवाळीनंतर तो येणार होता. नानांनी त्याला द्यायला म्हणून स्वतःचा जुना पितळी चमचा घासून ठेवला होता. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं आणि गच्चीवर कोणी त्याचं नाव काढत नव्हतं.

सोपानराव उशिरा आले. त्यांची हाक ऐकून मंगलताईही वड्या मंद गॅसवर ठेवून खालून वर आल्या. सोपानरावांच्या अंगात नवा सदरा, हातात बाटली, कापडात गुंडाळलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि कापड असं काढलं जसं बाळाचं तोंड दाखवतात.

"ही आपली हाय," ते म्हणाले. "नुसती आपल्या बागंतली. दुसऱ्या कुनाचं द्राक्ष न्हाई हिच्यात. माज्या आईनं पयला घड तोडला हुता. तवापासनं बाटलीत निजली हुती. कालच आली. वायनरीवाले म्हनले, पयली खोकी तुमाला."

ती बाटली मी जपून उघडली. मला आता येतं. सुस्कारा आला. सोपानरावांनी डोळे मिटले. मी सगळ्यांना ओतली आणि स्वतःचा ग्लास उचलला.

वास आला तो चुकीचा होता. मला नानांएवढं कळत नाही, पण एवढं कळतं. बंद खोलीचा, बुरसट. कधी कधी एखाद्या बाटलीचं बूचच खराब निघतं, त्यात कोणाचा दोष नसतो, हे श्रीकांतने मला सांगितलं होतं. मी घोट घेतला. चव तशीच.

सोपानरावांनी स्वतःचा ग्लास अजून उचलला नव्हता. ते आमच्याकडे बघत होते.

"छान आहे," मी म्हणाले.

मंगलताई पीत नाहीत, पण त्यांनी ग्लास हातात घेऊन वास घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं. "वा, सोपानराव," त्या म्हणाल्या. "आईंना सांगा."

"खरं म्हंता?"

"अगदी."

नानांनी ग्लास कानाशी नेला. "बारीक बोलतेय. चांगल्या घरची आहे," ते म्हणाले. सोपानराव हसले. नानांनी ग्लास तोंडाकडे नेला आणि मधेच थांबले. परत खाली घेतला. परत वर नेला.

"सोपानराव, ही बिघडलीय."

सोपानरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"अहो, काय बोलताय?" मंगलताई म्हणाल्या.

"मी खोटं कशाला सांगू? ओल्या पोत्याचा वास येतोय. पावसात भिजलेलं पोतं गाळ्यात कोंडून ठेवलं की येतो तसा. सोपानराव, माफ करा, तुमची पहिली बाटली आहे, पण घाण वास येतोय हिला."

मंगलताईंनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. "परत म्हणा."

"अगं, पाहुण्याच्या तोंडावर किती वेळा सांगू, की घाण वास..."

तिथे ते थांबले. त्यांनी ग्लासात बघितलं. मग परत एकदा नाक आत घातलं, अगदी खोल, आणि बराच वेळ वर काढलं नाही.

सोपानराव उठले. जिन्याकडे गेले आणि घाईघाईने चपला घालायला लागले.

"सोपानराव," मी म्हणाले, "रागावलात का?"

"राग कसला, वहिनी?" त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "गाडीत अख्खं खोकं हाय. आनतो. नाना, उठायचं न्हाई. येकेकीचा वास सांगायचा, कुटली घान आन कुटली चांगली."

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला. नानांनी ग्लासातून चेहरा वर काढला, मान जराशी खालच्या मजल्याकडे वळवली.

"मंगल," ते म्हणाले, "आपल्याकडे वडी करपतेय गं."

मंगलताई जागच्या हलल्या नाहीत.

"करपू दे," त्या म्हणाल्या.